साइटवर रिकामी दिसलेली खाट

घरातलं एक माणूस सरकारी आकडे भरणारं असलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. जेवताना एकेक येऊन बसतात. माझे पप्पा लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका आरोग्य केंद्रात कॉम्प्युटरवर असतात. कोरोनात ते रोज संध्याकाळी आपल्या भागातले पेशंट जिल्ह्याला कळवायचे. तिथून आकडा सरकारी साइटवर जायचा, आणि साइटवरून सगळ्यांच्या मोबाईलवर. मी तेव्हा पाचवीत होते. शाळा बंद, त्यामुळे ऐकायला वेळच वेळ!

*

शेजारचे विलासकाका एकदा गेटपाशी आले. म्हणाले, "भाऊ, कळलं का? आज आपल्याकडं दोघं निघाले."

पप्पा म्हणाले, हो, मीच कळवलेत. खरं तर तिघं आहेत, पण तिसऱ्याचा रिपोर्ट उशिरा आला, तो उद्याच्या आकड्यात येईल.

काकांनी मोबाईल पुन्हा नीट पाहिला. "न्हाई, दोनच हाय. तुम्ही बी साइट बघत जा की."

*

रविवारी तपासणी बंद असायची. म्हणून सोमवारचा आकडा शून्याच्या आसपास, आणि सोमवारी बाजारात ही गर्दी. पप्पा सांगून दमले, की पेशंट नाहीत असं नाही, काल कुणाला तपासलंच नाही.

"कोरोनाला बी आठवड्याला एक सुट्टी पाहिजेच की," काका म्हणाले. पप्पाही हसले.

पण पुढच्या सोमवारपासून ते आकड्याखाली एक ओळ लिहून पाठवू लागले : काल तपासणी झाली नाही. आकडा साइटवर यायचा. ती ओळ कधीच आली नाही.

*

काकांची मुलगी प्राजूताई नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहायची. लॉकडाऊनमध्ये तिथेच अडकली आणि तिथेच पॉझिटिव्ह निघाली. आधार कार्डावरचा पत्ता मात्र मुरुडचा. झालं, आमच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले गेले!

ताई दिवाळीनंतर गावात आलीच नव्हती. तिच्या लातूरच्या गल्लीत पोरं खुशाल क्रिकेट खेळत होती. ती व्हिडिओ कॉलवर दाखवायची. इकडे काकूंशी कुणी बोलेना. दूधवाला पिशवी बांबूला अडकवून पळायचा.

काकू कुंपणावरून पप्पांना म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या साइटीनं माझी पोरगी न येताच घरी आणली."

पप्पांनी पत्ता दुरुस्त करायला कळवलं. दुरुस्ती झाली तेव्हा बांबू निघून गेले होते, ताईही बरी झाली होती.

*

दुसऱ्या लाटेत काकूच आजारी पडल्या. ऑक्सिजन उतरत चालला. डॉक्टर म्हणाले, आजच्या आज ऑक्सिजनची खाट बघा. काकांनी लातुरात ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. कुठेच जागा नव्हती.

पप्पांनी नांदेडची साइट उघडली. हद्दीजवळच्या एका छोट्या केंद्रात एक खाट रिकामी दिसत होती. फोन लावला, तर कुणी उचलेना. गल्लीतले म्हणाले, साइटवरच्या खाटेसाठी एवढ्या लांब नेता? वाटेत काही झालं म्हणजे?

काकूंना धाप लागली होती, तरी त्या म्हणाल्या, "त्याच साइटीवर जायचं का, भाऊजी?"

पप्पा म्हणाले, "वहिनी, पत्ता आधारवरून येतो. खाटा तिथं कुणीतरी डोळ्यांनी मोजतं. माझ्यासारखंच कुणीतरी असेल."

काकू उठून काकांनी केलेल्या जीपमध्ये बसल्या. काका आणि पप्पा सोबत गेले. आम्ही घरी फोनकडे बघत बसलो.

खाट होती! तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं, सकाळपासून रिकामी आहे, साइटवरही टाकली, पण कुणी आलंच नाही. फोन उचलायला माणूस नव्हता.

काकूंना ऑक्सिजन लावला. थोड्या वेळाने चेहऱ्यावर रंग आला, तेव्हा काकांनी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. साइटवर ती खाट अजून रिकामीच दिसत होती. "बघ, तुला अजून हिशोबात धरलंच न्हाई," काका म्हणाले. पप्पांनी नंतर सांगितलं, त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी मास्क थोडा वर केला.

"भाऊजी, त्यांना आधी भरली म्हणून टाकायला लावा. कुणीतरी जीप करून निघालं असंल."