अक्कांची तेलपरीक्षा

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. स्थळ: भूमजवळचं आमचं शेत, कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे पूजेसाठी उभारलेल्या खोपटापुढं. हजर: थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, भाऊजी, आमचे हे, मी, आणि शेजारच्या शेतातले दोघं-तिघं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण येळवशीला बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

आमच्या अक्कांइतकी कडक परीक्षक उभ्या धाराशिव जिल्ह्यात सापडायची नाही. कोणत्या किराण्याला जादा पैसे मोजायचे, हे लोक दुकानात ठरवतात. अक्का ते घरी ठरवतात, आणि तेही आमच्यावर, आम्हाला पत्ता लागू न देता. महागाच्या चहाच्या डब्यात स्वस्त पूड भरायची आणि आठवडाभर गप्प बसायचं. कुणी कप खाली ठेवून तोंड वाकडं केलं, तर महागाची पूड परत येते. नाही केलं, तर ती घरातून कायमची हद्दपार. "जे गेल्यालं कुणाला कळंना, त्याला जादा पैसं कशाला?" हा त्यांचा कायदा. मी यादीशिवाय बाजाराला न जाणारी बाई, पण त्यांच्या कायद्यापुढं माझ्या याद्यांची डाळ शिजत नाही. एकदा त्यांच्याकडं भात खाऊन मी म्हणाले, "अक्का, चांगला तांदूळ लगेच कळतो बघा." त्या पदराआड हसल्या. तो कण्यांना लाजवील असा, दुकानातला सगळ्यात हलका तांदूळ होता. त्या दिवशी माझ्या घरचाही भारी तांदूळ बंद झाला. साखर, रवा, मीठ, साबण, सगळे असेच एकेक करून उतरले.

या परीक्षेत न फसणारा माणूस एकच, भाऊजी. ते पहिल्याच घासाला थांबत. "आज जवारी कुठली हाय?" किंवा, "डाळ बदलली का गं?" मग अक्का कपाळाला हात लावत, पण डोळ्यांत अशी चमक, की जणू पोरगा पहिला आला. ज्वारी, तूरडाळ आणि घाण्यावरचं करडईचं तेल, एवढं महागाचं त्या घरात टिकलं ते भाऊजींच्या जिभेमुळं. तेलासाठी अक्का हातात कॅन घेऊन एसटीनं भूमला येत आणि घाण्यापुढं तासन्‌तास बसत.

यंदा मात्र कोपीमागं नेऊन त्यांनी माझा दंड धरला. "दिवाळीपासनं दुकानातलं पाकिटाचं तेल घालायलेय. चकार शब्द न्हाई! मुद्दाम जवारीबी हलकी आणली, तरी गप. ह्यांची जीभ गेली का काय, गं?"

"वयानं होतं, अक्का."

"गप! आज चटणीवर कच्चंच वाढते. बघू."

पंगत बसली. शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, ज्वारीची भाकरी. भाऊजींच्या पानात शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. अक्का वाढता वाढता थबकल्या. मीही घास हातातच ठेवला. भाऊजींनी घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, "झकास झालंय."

अक्कांचा चेहरा पडला. पुढं वाढताना त्यांनी शेजाऱ्याच्या पानात आंबील दोनदा ओतली.

जेवणं झाल्यावर भाऊजी हात धुवायला पाण्याच्या पाटाकडं निघाले. मी तांब्या घेऊन मागं गेले आणि सरळ विचारलं, "भाऊजी, तेल कसं होतं?"

"पाकिटाचं," ते म्हणाले. "दिवाळीपासनं हाय. जवारी तर पार माती."

"मग बोलत का नाही?"

"बोललो की ती निघाली कॅन घिऊन. तिचं गुडघं बघितलेत का? एसटीची पायरी चढताना दांडीला लोंबती. गपगुमान खाल्लं की घरी ऱ्हाईल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नका. तुमाला शपथ हाय."

निघताना अक्कांनी रिकामा कॅन माझ्या हाती दिला. "तू भूमातच ऱ्हातीस, पुढच्या खेपेला भरून आण. घाण्यावर जाऊ नको, दुकानातलंच. ज्याला कळायचं त्यालाच कळंना, मग कुणासाठी?" एवढं बोलून त्या कोपीकडं वळल्या. हलक्या ज्वारीची उरलेली भाकरी भाऊजी मीठ लावून खात होते, तिकडं बघत उभ्या राहिल्या.

बाजाराची यादी तयार आहे. तेल सोडून सगळं आणून झालं, खुणाही केल्या. घाणा माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि दुकानही. कॅन दाराशी ठेवलाय. अजून रिकामाच आहे.