चाळीस मिनिटं फिरलेलं चक्र

ऑफिसात तिला मिरची म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर 'मॅडम'. चोवीस वर्षं ती प्रोग्रॅम लिहीत होती आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांच्या चुका निस्तरण्यात गेली, त्यामुळे नाकावर राग असायचाच. पण या वेळी तिला स्वतःचाच संताप आला होता.

रक्तपेढीच्या काउंटरवरचा प्रोग्रॅम तिचा. रक्तगट टाकला की तो एकेका फ्रिजमधला साठा शोधायचा. आधी शोधणं आणि संगणकाचा पडदा रंगवणं एकाच थ्रेडवर, कामाच्या एकाच धाग्यावर चाले, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यानेच दारही उघडायचं. शोध सुरू झाला की पडदा मख्ख, आणि लोक बटणं बडवत बसत. मग तिने शोधाला वेगळा थ्रेड दिला आणि पडद्यावर एक लहानसं चक्र ठेवलं. एक फ्रिज तपासून झाला, शोधाने तसं कळवलं, की चक्र एक घर पुढे सरकायचं. शोध थांबला तर चक्रही थांबायचं.

साहेबांनी नाक मुरडलं. "किती अडखळतंय. कसं गरागरा फिरायला हवं."

"साहेब, मग ते कामाचं काही सांगणार नाही. नुसतं नाचेल."

"नाचू दे. बघणाऱ्याला बरं वाटतं."

चक्र गरागराही फिरावं आणि खरंही सांगावं म्हणून तीन दिवस तिने डोकं फोडलं. चौथ्या दिवशी कंटाळून दहा ओळी लिहिल्या आणि चक्र घड्याळाला बांधून टाकलं. आता शोध जिवंत असो की मेलेला, चक्र आपलं फिरतंय.

सोमवारी शोधाचा थ्रेड तिसऱ्या फ्रिजवर मरून पडला. चक्र मात्र झोकात फिरत राहिलं. काउंटरवरची बाई समोरच्या माणसाला सांगत राहिली, "शोधतंय, थांबा." आत त्याची बायको बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. चाळीस मिनिटांनी ती बाई स्वतः उठली आणि एकेक फ्रिज उघडून बघू लागली. पिशवी चौथ्याच्या वरच्याच कप्प्यात होती. बाळंतीण वाचली, अगदी थोडक्यात. हॉस्पिटलने काउंटरवरच्या बाईला हलगर्जीपणाचा ठपका ठेवून घरी बसवलं. चौकशी शुक्रवारी होती.

"पडदा चालू होता, आपला प्रोग्रॅम अडकला नव्हता, असं लेखी दिलंय मी," साहेब म्हणाले. "तू यात पडू नकोस."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्यावर तिने भांडी अशी आदळली की थोरली नणंद स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, माझे कप फोडू नकोस. ज्याच्यावर राग आहे त्याच्यासमोर जाऊन बोल."

"माझ्यावरच आहे, ताई."

"मग सांगून टाक तसं. इथे कपांना काय सांगतेस?"

शुक्रवारी ती बोलावणं नसताना चौकशीच्या खोलीत जाऊन बसली. लांब टेबलाच्या एका टोकाला मोठे डॉक्टर, त्यांच्या शेजारी साहेब. दुसऱ्या टोकाला काउंटरवरची बाई, मांडीवर पर्स घट्ट धरून. तिच्यासमोर एक कागद होता: चूक माझी, खाली सहीची रिकामी जागा.

"सहीआधी प्रोग्रॅम बघा," मिरची म्हणाली. साहेबांनी डोळे वटारले, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. लॅपटॉप उघडून शोध सुरू केला, पडदा डॉक्टरांकडे वळवला, आणि वळवता वळवता एक बटण दाबून शोधाचा थ्रेड मारून टाकला. मग हाताची घडी घालून बसली.

चक्र फिरत होतं. एक मिनिट गेलं, तीन गेली. डॉक्टरांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, पुन्हा पडदा बघितला. सातव्या मिनिटाला तिने विचारलं, "काय करायचं, डॉक्टर?"

"करायचं काय? शोधतंय ना. थांबू की."

"याही तेच म्हणाल्या होत्या." तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "सात मिनिटांपूर्वीच मी शोध बंद पाडलाय. तुम्ही अजून वाट बघताय, कारण मी तुम्हाला फसवलं. यांनाही मीच फसवलं. हलगर्जीपणा शोधत असाल तर तो माझा आहे आणि साहेबांचा. आम्हा दोघांची सही घ्या."

साहेब लॅपटॉप मिटायला उठले. "राहू द्या," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हात लांब करून बाईसमोरचा कागद ओढून घेतला आणि साहेबांपुढे ठेवला.