ऑकलंड ते मुंबई, वीस तास

माझ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, जन्मात कधी विमानात बसले नाहीत. पण जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर त्यांच्याइतकं पाठ असलेला माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत तरी मला भेटलेला नाही. भातसानगरला धरणाचे दरवाजे वर-खाली करण्यात त्यांची सारी नोकरी सरली. निवृत्त होऊन किन्हवलीला राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा न्यूझीलंडला गेला. मग मुलाचा शाळेतला प्लास्टिकचा पृथ्वीगोल माळ्यावरून खाली उतरला. मावशीच्या शिवणाचा दोरा त्यावर ताणून काका अंतरं मोजू लागले. "सरळ रेघ मारून भागत नाय, पृथ्वी गोल हाय," हे ते दूध घालायला येणाऱ्या बाईलाही समजावत. मावशी म्हणायची, "माझं पोलकं उसवलेलंच र्‍हायलं, आन् यांचा दोरा सिंगापुरात अडकलाय." मुरबाडची एसटी किती वाजता सुटते, हे मात्र त्यांना शेजाऱ्याला विचारावं लागे.

मुरबाडच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामाने सहज म्हटलं, "दुबईला पाच तास लागतात." काकांनी हातातल्या अक्षता खिशात घातल्या. "तुमी काय बैलगाडीनं गेलता का? एकोणीसशे किलोमीटर. वारा उलटा असला तरी तीन-सव्वातीन तास!" मंगलाष्टकं संपली तरी त्यांचं वारा-प्रकरण चालूच होतं. तो मामा जेवायला दुसऱ्या पंगतीत बसला.

मुलगा दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी तुम्हाला इकडे आणतो." दोघांचे पासपोर्ट तयार होते, कोरे करकरीत.

गेल्या वर्षी मावशी सकाळी चहा गाळता गाळता गेली. मी पोचलो तेव्हा काका मुलाशी फोनवर बोलत होते. फोनचा आवाज मोठा होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "बाबा, तीन दिवस फ्लाइटच नाहीये. माझ्यासाठी थांबू नका."

ऑकलंडहून सिंगापूर साडेदहा तास, तिथे थांबा, पुढे मुंबई साडेपाच. सगळे मिळून वीस तास, आणि विमान रोज. मला हे पाठ होतं ते काकांच्याच तोंडून ऐकून. ते म्हणाले, "बरं."

ओटीवर माणसं जमली होती. कुणीतरी विचारलं, "पोरगा कवा पोचतो?"

"त्याला नाय जमायचं. लय लांब हाय ते," काका म्हणाले. किलोमीटर सांगितले नाहीत. विस्तवाचं मडकं त्यांनी माझ्या हातात दिलं.

दहाव्याचे विधी आटोपून आम्ही घरी आलो, तेव्हा मुलाचा फोन आला. तो मी घेतला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "बाबांना पटलं ना, फ्लाइट नव्हती ते?"

दहा दिवस तोंडात आलेलं सगळं मी तेव्हा बोलणार होतो. काका समोरच बसले होते, त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. पुटपुटले, "मला ठाऊक व्हतं ते त्याला सांगू नको रे. उरी घेऊन बसंल तो."

"पटलं," मी म्हटलं. मला दोघांचाही राग आला.

काकांनी फोन माझ्याकडून घेतला, कानाशी धरला. मग म्हणाले, "अंगात काय घातलंस रे? थंडी असंल तिकडं."