दानिएलमामांचं जळकं चित्र

मामीचा फोन आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. "अगं, तुझे मामा गेले..." एवढंच म्हणाली. महिना होत आला, तरी सकाळी सहा वाजले की वाटतं, दानिएलमामा पडेगावच्या खोलीत त्या चित्रासमोर बसले असतील.

विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं, तेव्हा गावातली आमची दलितांची वस्ती जाळली. राखेत मामांना ते चित्र सापडलं. येशू शिष्याचे पाय धुतोय. वरचा भाग जळून दोघांचेही चेहरे गेलेले. उरलं घंगाळ, टॉवेल, हात आणि पाय. शहरात येऊन चिकलठाण्याच्या कारखान्यात रंगकाम मिळाल्यावर मामांनी आधी त्याला काच बसवून घेतली. पहिल्या पाळीला जाण्याआधी चित्रातली एकच गोष्ट बघायची आणि तिच्यावर प्रार्थना करायची. "आज टॉवेल," म्हणायचे. चर्चच्या पाळकांनी टोकलं, ही मूर्तिपूजा झाली. मामा कसले ऐकतात! "साहेब, डोळे मिटले की मला आगच दिसती. म्हणून उघड्या डोळ्यानं प्रार्थना करतो." मात्र घरात सक्त ताकीद होती, काचेला बोट लावायचं नाही. "नाय तर पाळकसाहेबच खरे ठरतील," म्हणून हसायचे.

मी कॉलेजात होते, मामांकडेच राहायचे, अंगात भारी हौस. मामा कामावर असताना दोन्ही चेहरे कागदावर रंगवले आणि काचेवर चिकटवले. संध्याकाळी मामांनी शिष्याचा चेहरा हळूच सोडवला.

"लई छान काढलंस गं. पण तिथं एक जण बसलेला हाय."

"कोण?"

"आपल्या घराला ज्यानं काडी लावली, तो."

माझं डोकंच फिरलं. "त्या मेल्याचे पाय धुणार तुम्ही?"

"अजून जमत नाय, बाई. पायापाशी आलो की हात आखडतो. पण उठून जाणार नाय."

पुढं वाळूजपर्यंत कारखाने पसरले, नामांतराचा लढाही तडीस गेला, मामा रिटायर झाले. मी अधूनमधून विचारायची, "जमलं का?" ते म्हणायचे, "उद्या परत बसतो."

परवा मामीनं ते चित्र माझ्या हाती दिलं. आजारपणाच्या धावपळीत काच महिनोन्‌महिने कुणी पुसली नव्हती. सगळीकडे धुळीचा थर... फक्त त्या पायांवरची काच बोटांनी चोळून चोळून लख्ख झाली होती. मी तिथंच बसून रडले.

आता चित्र माझ्या घरी आहे. ती धूळ मी पुसलेली नाही. रोज सहाला समोर बसते. त्या माणसाचा मला अजून संताप येतो. पण मी उठून जात नाही.