शनिवारच्या दोन पावत्या

फेब्रुवारी लागला की आमच्या कंपनीतली माणसं खोटी व्हायला लागायची. एरवी बरी होती. उसनी नेलेली छत्री आठवणीनं परत करणारी, कुणाच्या घरी मयत झाली तर शिफ्ट बदलून धावणारी. पण हिशेब खात्यानं बोर्डावर सूचना लावली, की इन्कम टॅक्ससाठी वर्षभराचे पुरावे अमुक तारखेच्या आत द्या, नाहीतर मार्चच्या पगारातून कर कापला जाईल, की सगळ्यांच्या अंगात काहीतरी शिरायचं.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी पेणला राहायचो आणि रोह्याच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होतो. पॅसेंजरनं जायचं, पॅसेंजरनं यायचं. फेब्रुवारीत त्या गाडीतसुद्धा दुसरा विषय नसायचा. पेणहून गाडी सुटली की कासू येईपर्यंत विमा आणि नागोठणं येईपर्यंत बचतपत्रं. अकरा महिने ज्याचं तोंड दिसलं नाही तो विम्याचा एजंट आता गाडीत शेजारी येऊन बसायचा आणि माझ्या मरणाबद्दल आपुलकीनं बोलायचा. पोस्टात बचतपत्रांसाठी रांग, खिडकीशी सुकलेला स्पंज, म्हणून बोटाला थुंकी लावून नोटा मोजणारे लोक. वर्षभरात ज्यांना साधी शिंक आली नाही त्यांच्याकडे औषधांची बिलं निघायची. मला या सगळ्याची शिसारी यायची. पण शिसारी येते म्हणून मी त्यातून बाहेर राहिलो, असं मात्र नाही.

सगळ्यात घाण काम घरभाड्याच्या पावत्यांचं. पगारात घरभाडं भत्ता मिळायचा, आणि भाडं जितकं जास्त दाखवावं तितका कर कमी. त्यामुळे आमच्या खात्यात सगळेच भाडेकरू. स्वतःच्या बापाच्या घरात राहणारा भाडेकरू, सासऱ्याच्या माडीवर राहणारा भाडेकरू. पेणच्या बाजारात पावतीपुस्तकं मिळायची, ती आणायची, रेव्हेन्यू स्टॅम्पांचा ताव आणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागच्या टेबलावर बसायचं. त्या टेबलाचा एक नियम होता. आपल्या घरमालकाची सही आपण करायची नाही. तू माझ्या मालकाची कर, मी तुझ्या मालकाची करतो. म्हणजे अक्षरावरून कुणी पकडायला नको. चोरी करतानाही इतकी शिस्त पाळणारी माणसं मी पुन्हा पाहिली नाहीत. स्टॅम्प चाटून चाटून जिभेवर डिंकाचा थर बसायचा आणि मग त्याच जिभेनं आम्ही डबा खायचो.

माझ्या वाट्याला सहीसाठी हमरापूरचा एक सहकारी यायचा. त्याच्या घरी गणपतीचा कारखाना होता आणि सुट्टीच्या दिवशी तो मूर्तींचे डोळे आखायचा. हात असा स्थिर, की एकदा बघितलेली सही तो बाराही पावत्यांवर हुबेहूब उतरवायचा. देवाचे डोळे आखणारा हात आणि हे काम, असं मी त्याला एकदा म्हटलं. तो हसून म्हणाला की हाताला काय कळतंय, काम कुणाचं हाय ते. मला त्याचा राग आला. खरं तर राग यायला मला तोंड नव्हतं, कारण नक्कल करायला खरी सही त्याला मीच नेऊन दिली होती.

ती सही आमच्या घरमालकीणबाईंची. त्या निवृत्त शिक्षिका, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, कोकणातल्या ज्यू घराण्यातल्या. त्यांची भावकी एकेक करून इस्रायलला गेली होती. मुलगाही तिथेच स्थायिक झाला होता आणि आईला बोलवत होता. बाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो, मी, बायको आणि पाच वर्षांची मुलगी. मुलगी संध्याकाळी बाईंच्या पुढ्यात बसून अक्षरं गिरवायची. भाडं तीनशे रुपये. दर महिन्याला बाई वहीच्या कागदावर, अक्षरी आणि आकडी रक्कम घालून, खाली पूर्ण नाव लिहून पावती द्यायच्या. बाईंचा एकच दंडक होता, शनिवारी भाडं आणायचं नाही. शुक्रवारी दिवेलागणीपासून शनिवारी दिवेलागणीपर्यंत त्या चूल पेटवायच्या नाहीत, पैशाला शिवायच्या नाहीत, हातात पेन धरायच्या नाहीत. एकदा शनिवारी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला, मुलाचं, तर त्यालाही त्यांनी सही न करता परत पाठवलं आणि सोमवारी स्वतः पोस्टात जाऊन पत्र आणलं.

पंचाण्णव-शहाण्णवच्या वर्षी मी हजार रुपये भाडं दाखवलं. हमरापूरकरानं बारा पावत्या एका बैठकीत उरकल्या, प्रत्येकीवर महिन्याची पहिली तारीख घातली, खाली बाईंचं पूर्ण नाव. इतकं बेमालूम, की मलाच क्षणभर वाटलं बाईंनी लिहिलंय. मी पावत्या हिशेब खात्यात देऊन आलो आणि मोकळा झालो.

पण त्या वर्षी हिशेब खात्यात नवा अधिकारी आला होता. तरुण, नीटनेटका, नाकासमोर चालणारा. त्यानं ठरवलं की चार-पाच जणांच्या घरी स्वतः जाऊन खात्री करायची. नेमकं त्याच वेळी माझं नाव सुपरवायझरच्या यादीत होतं. सात वर्षं वाट बघितली होती. खोटा कागद सापडला तर बढती तर सोडाच, चार्जशीट हातात पडली असती. शुक्रवारी दुपारी तो मला म्हणाला की तोही पेणलाच राहतो, उद्या सुट्टी आहे, तर चारच्या सुमारास चक्कर टाकेन. मी घरी आलो, पण बाईंना सांगायची हिंमत झाली नाही. काय सांगणार होतो? बायकोला मात्र सांगितलं.

शनिवारी तो चारला आला. बाई ओटीवर बसल्या होत्या, आमची मुलगी त्यांच्या पायाशी खेळत होती. बायकोनं आमच्या खोलीतून चहा आणला. त्यानं आदबीनं कशासाठी आलोय ते सांगितलं आणि बारा पावत्या बाईंच्या मांडीवर ठेवल्या. सगळं ठीक असेल तर दोन ओळी लिहून द्या, म्हणाला. बाई म्हणाल्या की आज शनवार, आज मी लिहीत नाय. तो म्हणाला, मग तोंडी सांगा, तेवढं पुरे.

बाईंनी चष्मा लावला आणि एकेक पावती बघितली. वह्या तपासताना बघत असतील तशी, वरपासून खालपर्यंत. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

"सही तुमचीच ना?" त्यानं विचारलं.

"व्हय," बाई म्हणाल्या. "माझीच."

भाडं हजारच का, असं त्यानं विचारलं तर त्या म्हणाल्या, लिहिलंय ते दिसतंय की. तो समाधानानं हसला, चहा संपवला, बाईंच्या पाया पडला आणि गेला. बाई उठून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. आधी सुटका वाटली, किळस नंतर आली.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. मांडीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर होतं. त्यांचे सण त्यात पेन्सिलीनं लिहिलेले असत, म्हणून जुनी कॅलेंडरं त्या टाकत नसत. पैशाचा विषय काढतील म्हणून मी तयारीनं गेलो होतो. सगळेच करतात, सरकार तरी कुठे धुतल्या तांदळाचं आहे, असलं काहीबाही जुळवून ठेवलं होतं. पण त्यांनी एप्रिलचं पान उघडलं, एक तारखेवर बोट ठेवलं. मग जुलैचं पान उघडलं आणि तिथल्या एक तारखेवर ठेवलं. दोन्ही शनिवार.

"साठ वर्षांत मी शनवारी पेन धरला नाय," त्या म्हणाल्या. "तू माझ्या नावानं दोनदा धरायला लावलास."

मी म्हणालो की चुकलं. एवढंच म्हणालो. त्यांनी विचारलं की सही कुणी केली, तर मी सांगितलं. मग मी विचारलं की काल तुम्ही खरं का नाही सांगितलंत.

"तुझी पोर माझ्याकडं अक्षरं शिकते," त्या म्हणाल्या. "तिच्या देखत तिच्या बापाला चोर कसं म्हणू? पण तेही मी शनवारीच बोलले, खोटं. ते माझं मी बघीन. तू त्या दोन पावत्या मला आणून दे. नायतर फाडून टाक. मी मेमध्ये मुलाकडं चाललेय, माझ्या मागं त्या माझ्या नावावर नको राहायला."

बाकीच्या दहांबद्दल त्या बोलल्या नाहीत, वरच्या सातशे रुपयांबद्दलही नाही. मी शब्द दिला.

सोमवारी पॅसेंजरमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होतो. साहेब, एप्रिल आणि जुलैच्या पावत्यांत चूक आहे, त्या परत द्या, बदलून देतो. फार तर त्यानं कारण विचारलं असतं. विचारलं असतं तर काहीतरी सांगावं लागलं असतं, आणि त्या काहीतरीतून उरलेलं सगळं बाहेर आलं असतं. तरी मी गेलो. जेवणाच्या सुट्टीत हिशेब खात्याच्या दारात उभा राहिलो. त्यानं मला बघितलं आणि स्वतःच उठून आला. म्हणाला, तुमच्या बाई फार सज्जन आहेत हो, अशी माणसं आता राहिली नाहीत. मग आवाज खाली करून म्हणाला की तुमची फाईल मी क्लिअर करून पाठवली, यादी या आठवड्यात लागेल. त्याच्या मागे कपाट होतं, कपाटात त्या पावत्या होत्या. हात लांब केला असता तर पोचला असता.

मी थँक्यू म्हणालो आणि प्लांटवर परत गेलो.

गुरुवारी यादी लागली, माझं नाव होतं. कँटीनच्या टेबलावर सगळ्यांनी पेढे खाल्ले, हमरापूरकरानं दोन घेतले. करात माझे वर्षाचे हजारभर रुपये वाचले असतील. तेवढ्यासाठी एका म्हातारीच्या साठ वर्षांच्या नेमात हात घातला आणि वर पेढेही वाटले. माझी मलाच किळस येत होती, पण पेढा मात्र मी गिळला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा बाई ओटीवर होत्या. मुलगी पाटीवर ओळ गिरवत होती. मी पेढ्यांचा पुडा बाईंच्या पुढे ठेवला, बढतीचं सांगितलं. त्यांनी पुड्याला हात लावला नाही. आधी विचारलं, "त्या पावत्या?"

"फाडल्या," मी म्हणालो.

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात त्यांच्या प्रार्थनेतलं काहीतरी पुटपुटल्या. मग पेढा घेतला, अर्धा मोडून मुलीच्या हातावर ठेवला आणि तिला म्हणाल्या, "तुझा बाबा शब्दाचा हाय गो. तशीच तू हो."

मुलीनं पाटीवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, लिही पुढं.