सोजरमावशीनं तीनदा सांगितलं

कुंदाचा फोन आला तेव्हा मी अकरावीच्या वर्गातून नुकताच बाहेर पडलो होतो, खडू अजून हातातच होता. "दादा, मावशी मेली. ये," एवढंच ती म्हणाली. मी चिडलो. मेली काय? आपल्याकडे माणूस जातं, वारतं, देवाघरी जातं. "नीट बोलावं गं जरा," असं मी म्हणालोसुद्धा. माझी ही धाकटी बहीण फोन नेहमी उजव्या कानाला लावते, डाव्यानं तिला ऐकू येत नाही. त्यामुळे तिनं माझं बोलणं ऐकलं नाही असं मला म्हणता येणार नाही. तिनं ते ऐकलं आणि फोन ठेवला.

तेराव्याला गेलो तर देवगाव फाट्यावरच फलक लागलेला. सोजरमावशीचा कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून घेतलेला, भोवती गुलाबाची फुलं, आणि खाली लिहिलेलं की आपल्या गाण्यांनी अवघ्या पंचक्रोशीला शेवटच्या श्वासापर्यंत हसवणारा हास्याचा झरा आटला. त्याखाली शुभेच्छुक असल्यासारखी पंधरा नावं आणि पंधरा चेहरे. माझाही त्यात होता, मला न विचारता. मी जीपमधून उतरलो आणि त्या फलकाकडे बघत किती वेळ उभा राहिलो, मला सांगता येणार नाही. हसवणारा झरा... मावशीनं गेल्या अकरा वर्षांत एकही गाणं म्हटलं नव्हतं. त्या पंधरा जणांतल्या एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. हा लेख मी त्या फलकामुळे लिहितो आहे, आणि रागात लिहितो आहे हे आधीच सांगून टाकतो.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. नवऱ्यानं दोन वर्षांत टाकून दिली तेव्हा आमच्याकडे आली आणि आमच्या मागच्या खोलीत राहिली ती राहिलीच. आई लवकर गेली, मग कुंदाला आणि मला तिनंच वाढवलं. गावात तिला मान होता तो मात्र रुखवताच्या गाण्यांमुळे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लग्नात अक्षता पडायच्या आधी नवरीकडच्या बायका रुखवताची ताटं घेऊन नवरदेवाच्या जानवशावर जातात आणि तिथं गाण्यातून विहिणीची, वऱ्हाडाची, खुद्द नवरदेवाची यथेच्छ खिल्ली उडवतात. समोरच्यांनी ती हसत ऐकून घ्यायची असते. रुखवतातल्या गाण्याचा राग धरायचा नसतो, हा नियम आहे. मावशी एक पितळी ताट उपडं मांडीवर घ्यायची, त्यावर चमच्यानं ठेका धरायची आणि सुरू व्हायची.

विहीणबाई आल्या, बसा पाटावरी,
भूक न्हाई म्हणती, नजर ताटावरी.

नवरदेव आला घोड्यावर बसून,
घोडं म्हणं बाई, मीच आलो फसून.

ही गाणी तिथल्या तिथं जोडलेली असायची. एकदा म्हटलेलं कडवं ती पुन्हा म्हणत नसे. बायकांनी कितीही आग्रह केला तरी म्हणायची, "शिळं काय वाढू? ताजं खा की."

आणि सिनेमा. सेलूला बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ बघायला ती मला आणि कुंदाला घेऊन जायची. तिला हिंदी आमच्या भागात सगळ्यांना येतं तेवढंच यायचं, पण पडद्यावरचं माणूस एक बोलतं आणि त्याच्या पोटात दुसरंच असतं, हे तिच्याइतकं कुणाला कळलेलं मी पाहिलं नाही. हीरोची आई मला भूक नाही म्हणाली की मावशी मोठ्यानं सांगायची, "घरात भाकर एकच हाय." नायिका तुम जाओ म्हणाली की, "थांब म्हणायलीय, येड्या." दिवा फडफडला की तिच्या लेखी म्हातारं संपलेलं असायचं, मग पडद्यावर त्याला मरायला अजून दहा मिनिटं लागोत. मागचे लोक ओरडायचे, "ओ मावशी, गप बसा, आमाला बी बघू द्या." ती गप बसायची नाही. एका सिनेमात एक सून तेच एक वाक्य सारखं म्हणत होती. मी कंटाळून विचारलं, ही पुन्हा पुन्हा तेच का म्हणते? मावशी एरवी हसून सांगायची, तेव्हा हसली नाही. म्हणाली, "बाई एकच गोष्ट तीनदा बोलायला लागली की समजायचं, घरात तिचं कुणी ऐकंना झालंय."

मी मराठीचा प्राध्यापक झालो त्यात या शिकवणीचा वाटा किती, हे मी कॉलेजातल्या निरोप समारंभांत मोठ्या अभिमानानं सांगत आलो आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ, वळवलेला अर्थ आणि सुचवलेला अर्थ. सूर्य मावळला म्हटलं की गुराख्याला घर आठवतं आणि चोराला धंदा, हे उदाहरण दरवर्षी फळ्यावर लिहितो. पोरं वहीत उतरवून घेतात.

कुंदाचं लग्न ठरलं तेव्हा मला नोकरी लागून वर्ष झालं होतं. मुलगा पाथरीकडचा. लग्नाच्या चार दिवस आधी मावशी बांगड्या आणायला निघाली आणि देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघत बसली. शेजारी पालमची एक बाई. बोलता बोलता मावशीनं पिशवीतली पत्रिका कौतुकानं दाखवली. त्या बाईनं ती वाचली, पुन्हा वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाली, "आमच्या पुतणीच्या नवऱ्याचं नाव बी हेच. गाव बी हेच. सहा महिने नांदली. मारून मारून अर्धी केली आन् धाडून दिली." मावशी बांगड्या न घेताच घरी परतली आणि तडक अण्णांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर उभी राहिली. मी तेव्हा परभणीला होतो, हे सगळं मला लग्नानंतर कळलं. "दाजी, हे लग्न करू नका," असं ती स्वच्छ म्हणाली आणि ऐकलेलं सगळं सांगितलं. अण्णा म्हणाले, "पत्रिका वाटून झाल्यात, सोजर." वर हेही म्हणाले, "तुझं मोडलं म्हणून पोरीचं बी मोडायलीस का?" चुलत्यांनी मान डोलावली. चार कर्त्या पुरुषांत कुणालाही पालमला जाऊन एकदा विचारून यावंसं वाटलं नाही. एसटीनं जाऊन दिवसात परत येता आलं असतं.

लग्नाच्या दिवशी रुखवत निघालं. जानवशावर मावशी ताट घेऊन बसली. मी पाण्याचे जार उतरवून घ्यायला तिथंच होतो. पहिली दोन-चार कडवी नेहमीसारखी झाली. मग तिचा ठेका संथ झाला.

पालमची लेक ह्यानं आधी नांदवली,
मारून-झोडून माघारी धाडली.

लोक हसले. काय जोडते ही बाई, असं कुणीतरी म्हणालं. विहीणबाई मात्र अंमळ उशिरा हसल्या. मावशीनं तेच कडवं पुन्हा म्हटलं. पुन्हा हशा, जरा मोठा. मग तिनं मान वर केली, गर्दीत मला शोधलं, आणि माझ्याकडे बघत तिसऱ्यांदा म्हटलं. या वेळी लोक टाळ्या पिटत होते. रीतीप्रमाणे विहीणबाईंनी तिच्या पदरात खण घातला.

त्या कडव्यात ना लक्षणा होती ना व्यंजना. एकही शब्द वळवलेला नव्हता. साधी बातमी होती, गावाच्या नावासकट. घरात सांगितली तर हिचा मत्सर, आणि मांडवात सांगितली तर हिचा विनोद. मग या बाईनं सांगायचं तरी कुठं होतं? आम्ही रीतीरिवाज इतके सुंदर सजवून ठेवले आहेत की खरं बोलणाऱ्यालाही त्यात बक्षीस म्हणून खण मिळतो. त्या पंगतीला जेवलेल्या प्रत्येकाचा मला आजही संताप येतो.

आणि माझा. कारण मला कळलं होतं. सिनेमाच्या त्या बाकावर शिकलेलं सगळं मला त्या क्षणी आठवलं. मुहूर्ताला अजून दीड तास होता. मी अण्णांना गाठलं आणि विचारलं, मावशी काय म्हणते आहे? ते म्हणाले, "रुखवतातल्या गाण्याचा राग धरायचा नसतो. तू तर मास्तर हायस, तुला कळायला पायजे." मी परत फिरलो. उरलेल्या वेळात मी पाण्याचे जार मोजले, बँडवाल्याला चहा पाजला आणि अतिशयोक्ती हा लोकगीताचा स्वभावच असतो, असं स्वतःला समजावलं. मग अक्षता टाकल्या.

सव्वा वर्षानं कुंदा आली. डाव्या कानाचा पडदा फाटलेला, त्यातून पू वाहत होता. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? अण्णांनी सांगितलं, "पडली." गावाला सांगितलं, चार दिवस राहायला आलीय. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. कुंदा मावशीच्या खोलीत राहू लागली. दोघींनी मिळून शिलाईची मशीन घेतली, तिच्यावर भागवू लागल्या. मावशीला लग्नाची बोलावणी यायची तेव्हा ती घसा बसलाय म्हणायची. पितळी ताट तिनं तांदूळ निवडायला काढलं. अकरा वर्षं घसा बसतो का कुणाचा?

मला ती कधी काही बोलली नाही. दिवाळीत शेवटची भेट झाली तेव्हा तांदूळ निवडत बसली होती. सहज विचारलं, "पोरांला काय शिकवायलास सध्या?" मी व्यंजना सांगितली, सूर्य मावळल्याचं उदाहरण दिलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् साधं बोललेलं कळायला काय शिकवतोस?" मी म्हणालो, त्यात शिकवायचं काय, ते कळतंच की. "कळतं व्हय," ती म्हणाली आणि एक खडा बोटानं बाजूला सारला...

तेराव्याची माणसं पांगल्यावर कुंदानं मला खोलीत बोलावलं. तिनं लग्नाची जुनी सीडी सेलूला नेऊन मोबाइलवर उतरवून आणली होती. मावशी हालताना, बोलताना त्या एवढ्या एकाच ठिकाणी होती. लग्नानंतर कुंदानं ती सीडी कधी पाहिली नव्हती. ती ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती, मी शेजारी बसलो. रुखवताचा भाग आला. शूटिंगवाल्यानं त्यावर हिंदी सिनेमाचं गाणं चढवलेलं, कोपऱ्यांत बदाम आणि फुलं. मावशीचं तोंड हलत होतं, चमचा ताटावर पडत होता, आणि ऐकू येत होतं भलतंच. कुंदा त्या वेळी आत हळदीच्या साडीत बसलेली होती, तिनं हे कधी ऐकलंच नव्हतं. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, चित्र मागं नेऊन पुन्हा पाहिलं. आणखी एकदा पाहिलं.

"तीनदा तेच म्हणायलीय मावशी," ती म्हणाली. "तोंड तसंच हलायलंय."

तिनं चित्र तिथंच थांबवलं.

"सगळे हसायलेत बघ. अण्णा बी हसायलेत." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. बोटाखाली पाण्याच्या जारजवळ मी उभा होतो. "तू एकटाच हसंना, दादा. का रं?"

ताटातले तांदूळ तसेच राहिले होते. मी खाली बघत म्हणालो, मला कळलं होतं.

तेव्हा ध्यानात आलं की मी तिच्या डाव्या बाजूला बसलो आहे. तिनं सावकाश मान वळवली, उजवा कान माझ्याकडे केला आणि म्हणाली, "ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं सांग."

मला कळलं होतं, कुंदा. मुहूर्ताला दीड तास होता आणि मला कळलं होतं.