अस्वल येणारच होतं

एडिनबराच्या आमच्या जिन्यात कोणी कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवली, की तळमजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर यायचे. "लासी," पोरीला ते असं म्हणत, "यात हाडं आहेत. वास सुटला की कोणीतरी येतंच."

"कोण येणार आजोबा? मांजर?"

ते गंभीरपणे जिन्याच्या वळणाकडे बघायचे. स्कॉटलंडातलं शेवटचं अस्वल मरून कित्येक शतकं झाली असतील. आजोबांचा त्यावर भरवसा नव्हता. हयात कॅनडाच्या रानात शिकाऱ्यांना वाट दाखवण्यात गेलेली. म्हातारपणी मायदेशी परतले, ते रान बरोबर घेऊनच.

ऐंशीचं दशक. मी पुण्याहून नुकतीच आलेली, नवरा हॉस्पिटलात ड्यूटीवर, आणि माझं इंग्रजी, माझ्या मते, उत्तम. त्यांना 'मिस्टर' म्हणायला जीभ वळेना, म्हणून मी सरळ 'आजोबा' केलं. ते स्वतःला 'अजोब्बा' म्हणायला लागले आणि खूश झाले.

पहिल्याच चहाला ते म्हणाले, "एका बेअरपायी माझा मुलगा गेला." त्यांचा तो घोळवलेला 'र'! मी ऐकलं, बिअरपायी. झालं. माझे डोळे भरून आले. वर येऊन मी नवऱ्याचे कॅन एकेक करून सिंकमध्ये ओतले.

"अगं, काय चाललंय काय?"

"खाली एका बापाचा मुलगा दारूत गेला, आणि तुम्ही पिताय!"

पुढे आजोबा वर आले की मी त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवायची, वर दोन बोधाची वाक्यं. बिचारे मुकाट्यानं प्यायचे. वर्षभर. शेवटी त्यांनीच एकदा पाकिटातून फोटो काढला. मेलेलं काळं अस्वल, आणि शेजारी गुडघा टेकून बसलेला हसरा तरुण. "हा माझा डंकन. आणि हे ते बेअर." नवरा इतका हसला की खुर्चीतून पडायचाच राहिला. मी तोंड उघडं टाकून बसले. "म्हणजे मुलगा आहे?"

"आहे की. माझ्याशी बोलत नाही, एवढंच."

त्यांच्या त्या मुलखात कायदा असा होता. मेलेलं जनावर जिथं पडलं तिथंच असेल आणि त्यावर अस्वल आलं, तर ते मारलेलं चालतं. तेच धूड ओढून सोयीच्या जागी आणलं, तर ते आमिष, आणि आमिषावर मारणं हा गुन्हा. डंकन बापाबरोबरच धंद्यात होता. गिऱ्हाईक घाईचं, त्याला अस्वल हवंच होतं. डंकननं मूस नावाच्या त्या अगडबंब हरणाचं उरलंसुरलं धूड ट्रकला दोर बांधून मचाणासमोर आणलं. जंगलखात्याच्या वॉर्डननं आजोबांना विचारलं, हे इथंच पडलं होतं का? आजोबांनी गवतातला फरपटल्याचा पट्टा पाहिला होता. ते "नाही" म्हणाले. डंकनचं लायसन्स गेलं, धंदा बसला. त्याचं म्हणणं एकच: "अस्वल येणारच होतं. मी फक्त त्याचा रस्ता कमी केला."

हे ऐकून मी अहिंसेवर भाषण ठोकलं. पायात चामड्याचे बूट, कपाटात फरची टोपी, पण भाषण कसं खणखणीत! "मारायचंच, तर कुठंही मारा. अस्वलाला काय फरक पडतो?"

"अस्वलाला काहीच नाही, लासी. मला पडतो."

मग मला आईचं बोलणं आठवलं. म्हटलं, "आमच्याकडे जेवायला बसवलेल्याला पानावरून उठवत नाहीत." त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

"हे तुमच्या कायद्यात आहे?"

"छे, आईच्या तोंडात."

"मग टिकेल."

नवऱ्यानं हळूच विचारलं, "आजोबा, 'माहीत नाही' म्हणाला असतात तर?"

"म्हणून बघतो अधूनमधून. जमत नाही."

दर रविवारी ते डंकनचा नंबर फिरवायचे. एक आकडा सोडून सगळे. शेवटच्या आकड्याच्या भोकात बोट घालून थोडा वेळ बसायचे आणि रिसीव्हर खाली ठेवायचे.

नव्वदचं दशक लागलं आणि त्यांची छाती भरली. हॉस्पिटलात गेले ते परत आले नाहीत. डंकनही आला नाही. पण मला आठवते ती हॉस्पिटलात जाण्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. मी म्हणजे जगातल्या सगळ्या भांडणांवरचं औषध, असा तेव्हा माझा समज. म्हटलं, "शेवटचा आकडा सांगा, मी फिरवते." त्यांनी बाकीचे फिरवून तो सांगितला, आणि वर म्हणाले, "बोल तूच."

पलीकडे सकाळ असावी. मी कोण ते सांगितलं. "उद्या त्यांना हॉस्पिटलात नेतायत. माझे मिस्टर डॉक्टर आहेत. ते म्हणतात, यायचं तर आत्ताच या."

डंकन म्हणाला, "त्यांना विचारा, ते मूस तिथंच पडलं होतं, असं आता तरी म्हणतील का? एवढं म्हणू देत, मी निघतो."

मी आजोबांना जसंच्या तसं विचारलं. डोळ्यांनी खुणावलं, म्हणा हो! इथं कुठलं कोर्ट, कुठला वॉर्डन! आजोबांचे ओठ हलले. खुर्चीचा हात त्यांनी घट्ट धरला.

"ओढलं होतं," ते म्हणाले. "पण त्याला ये म्हणावं."

दुसरंच वाक्य तेवढं सांगावं असं फार मनात आलं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी दोन्ही सांगितली.

पलीकडे श्वास ऐकू आला. मग खट्, आणि लांबलचक टूंऽऽ.

"त्यानं ठेवला," आजोबांनी विचारलं, "की कट झाला?"

मी रिसीव्हर कानाला तसाच धरून उभी. काय सांगणार? दोन्हीचा आवाज एकच येतो हो.